माणशी मोजलेले अन्न

माझ्या आजीच्या घरून आलेले एक पितळी मापटे आमच्या घरी अजून जपून ठेवलेले आहे. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली, हे कोष्टक आज कोणाला पाठ म्हणून दाखवावे लागत नाही. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान पद्धत आली आणि बाजारातून ही मापे उठली. स्वयंपाकघरातून मात्र ती पुष्कळ उशिरा हलली. आजीच्या घरी अकरा माणसे जेवत आणि मिळवता हात एकच होता. दररोज सकाळी ती कणगीतली ज्वारी मापून काढी. मी तिला एकदा विचारले होते, “आजी, माणशी किती धरत होतीस ग?” ती हसली. म्हणाली, “माणसे कशाला मोजायची? ती काय कमी करता येतात? सुगीला दिवस किती राहिले ते मोजायचे.”

या उत्तराचा अर्थ कळायला मला सरकारी नोकरीत बरीच वर्षे काढावी लागली. आहे तेवढ्या धान्याला गृहिणी दिवसांनी भागते. सरकार माणसांनी भागते. हे दोन्ही भागाकार आपापल्या जागी बरोबर असतात. परंतु त्यांची उत्तरे जुळत नाहीत, आणि त्यांच्यातील अंतर घरातील कोणाला तरी आपल्या पोटाने भरून काढावे लागते. आपल्या देशात माणशी अन्नाचा हिशेब कसा होत आला, याचा इतिहास म्हणजे एका अर्थी या अंतराचाच इतिहास आहे.

या इतिहासातील एक ठळक आणि दुःखद प्रकरण १८७६ ते १८७८ च्या दुष्काळातील आहे. मद्रास आणि मुंबई इलाख्यांत पाऊस चुकला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी खर्च आवरण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागात धाडले. याच टेंपलसाहेबांनी १८७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशाहून तांदूळ आणवून सढळ हाताने वाटला होता आणि त्या उधळपट्टीबद्दल त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला होता. तो अनुभव बहुधा त्यांच्या मनात ताजा असावा. १८७७ च्या आरंभी त्यांनी ठरविले, की दुष्काळी कामावरील धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे एवढी मजुरी पुरे. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, म्हणजे आपल्या ऐंशी तोळ्यांच्या शेराचा अर्धाही नव्हे. आजच्या परिभाषेत त्यातून साधारण दीड हजार उष्मांक मिळतात. एवढ्यावर त्या माणसाने उन्हात दिवसभर खडी फोडावी, अशी अपेक्षा होती.

मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या मापाला कसून विरोध केला. पडून राहणाऱ्या माणसाला जे कसेबसे पुरते, ते राबणाऱ्याला पुरत नाही, आणि नुसत्या धान्याने देह टिकत नाही, डाळही हवी, असे त्यांचे म्हणणे होते. इकडे मुंबई इलाख्यात हजारो मजूर ती मजुरी नाकारून कामे सोडून निघून गेले. उपाशी माणसाने मिळणारे अन्न नाकारावे, ही गोष्ट सामान्य नव्हे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने आणि तिचे चालक गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनी त्या मजुरांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे मद्रासला प्रमाण वाढवावे लागले. दुष्काळ सरल्यावर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि १८८३ पासून दुष्काळी संहिता आल्या. माणशी किती अन्न द्यावे हे एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर न राहता नियमात बसले, हा त्या दुष्काळाने दिलेला महाग धडा.

याच काळात दादाभाई नौरोजींनी प्रश्न उलट्या बाजूने विचारला. १८७६ मध्ये मुंबईत वाचलेल्या आपल्या निबंधात त्यांनी हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न अवघे वीस रुपये काढले, आणि त्याशेजारी तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा आणि परदेशी निघालेल्या मजुराच्या जहाजावरील शिध्याचा खर्च मांडला. सरकारनेच ठरविलेल्या या किमान मापापर्यंतही सामान्य रयतेचे उत्पन्न पोचत नव्हते. सरकारचे माप घेऊन सरकारलाच मोजण्याची ही युक्ती दादाभाईंची.

पण दादाभाईंची रयत ही सरासरीतली रयत होती. प्रत्यक्ष घरात शिरून चुलीपाशी बसून हिशेब करावयाचा, तर कुटुंबाचा जमाखर्च पाहावा लागतो. युरोपात अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चावरून १८५७ मध्ये दाखवून दिले होते, की कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या मिळकतीचा मोठा वाटा अन्नावर जातो. मुंबईत असे काम सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये केले. फिंडले शिरास हे त्याचे संचालक. सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासण्यात आले आणि १९२३ मध्ये अहवाल निघाला. मिळकतीतील निम्म्याहून अधिक पैसा पोटावर जात होता, यात नवल नव्हते. नवल पुढेच होते. मुंबईचा गिरणी कामगार जेवढे धान्य खात होता, ते दुष्काळी संहितेतील कमाल मापाएवढे भरले. परंतु मुंबईच्या तुरुंगात कैद्याला जेवढे देण्याचा नियम होता, त्याहून ते कमी होते. देशातील एका मोठ्या उद्योगनगरीत, दुष्काळ नसताना, कमावता माणूस कैद्याहून कमी खात होता.

अशा हिशेबांत एक सोय असते. पुरुष एक धरतात, स्त्री पाऊण किंवा त्याहून थोडी अधिक, मूल वयाप्रमाणे अर्धे-पाऊण. शास्त्राच्या दृष्टीने यात चूक नाही. मात्र हे अपूर्णांक म्हणजे प्रत्येकाला किती लागते याचा अंदाज. प्रत्येकाच्या ताटात किती पडले याची नोंद नव्हे. सगळ्यांचे जेवण झाल्यावर जी भांड्याचा तळ खरवडून घेते, तिचा अपूर्णांक कोणत्याही कोष्टकात सापडत नाही.

मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि माणशी माप सर्व थरांतील घरांत शिरले. श्रीमंताच्या आणि हमालाच्या धान्याला एकच तागडी लागली, ही त्यातील न्यायाची बाजू. १९४७ च्या अखेरीस नियंत्रणे उठू लागली, १९४८ मध्ये परत आली, आणि रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना १९५४ पर्यंत पुन्हा उठली; दुकाने आणि पत्रिका मात्र पुढे निरनिराळ्या रूपांत राहिल्या. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दररोज माणशी २२५० उष्मांक हे माप धरून देशातील दारिद्र्य मोजले आणि मागेल त्याला काम देण्याचा आग्रह धरला. लगेच पुढच्या वर्षी महाराष्ट्रावर दुष्काळ कोसळला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. त्या वर्षांची मिलोची लाल भाकरी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी आमच्या घरातील वडीलधारी मंडळी विसरली नव्हती. आजी सांगे, सुकडी हातावर पडली, की बायका दोन घास तोंडात टाकीत आणि उरलेली पदरात बांधीत. माप माणशी होते; संध्याकाळी ते घरी जाऊन कुटुंबाचे होई.

मी पुरवठा शाखेत असताना एके दिवशी एक बाई कार्यालयात आल्या. त्यांची शिधापत्रिका अंत्योदय योजनेची, म्हणजे गरिबांतल्या गरिबांची होती. घरात नऊ माणसे. त्या म्हणाल्या, “साहेब, आमच्या शेजारणीला माणशी पाच किलो मिळतं. आम्ही तिच्याहून गरीब, म्हणून आम्हाला हे कार्ड दिलं. मग आम्हाला कमी कसं?” मी कागदावर भागाकार केला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य. अंत्योदय कुटुंबाला, माणसे कितीही असोत, ३५ किलो. सात माणसांपर्यंत अंत्योदयाचे कार्ड तोट्याचे नाही. नऊ माणसांना मात्र ते माणशी चार किलोंहूनही कमी पडते; शेजारणीच्या मापाने त्यांना ४५ किलो मिळाले असते. छोट्या आणि निराधार कुटुंबाला आधार मिळावा म्हणून ठरविलेले माप, घर मोठे होताच उलटे फिरले होते. नियम बदलणे माझ्या हाती नव्हते. मी त्यांचे म्हणणे टिपून वर पाठविले आणि त्यांना तसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि पिशवी उचलली.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. शिधापत्रिकेसाठी घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री ही कुटुंबप्रमुख समजली जाते. दुष्काळी कामावर जिचे माप पुरुषाहून कमी धरले गेले, तिच्या नावाने आता पत्रिका निघते, हे मला लहान वाटत नाही. परंतु नाव तिचे झाले, तसा तिचा भागाकारही आपण ऐकावयास हवा. माणशी माप ठरविणे आवश्यक आहे. ते नसले म्हणजे काय होते, हे १८७७ ने दाखविले. ठरविलेल्या मापाने नऊ माणसांच्या घरात तीस दिवस चूल पेटते की नाही, एवढे मात्र प्रत्येक वेळी जाऊन पाहिले पाहिजे. ते पाहायचे झाले, तर आधी शेवटी जेवणारीला विचारावे लागेल.