मेदहर गोळ्यांची कुळकथा

इ. स. १९७२ च्या दुष्काळाची आठवण मराठवाड्यांतील वृद्धांच्या मनांतून अद्याप गेलेली नाहीं. आज जालना जिल्ह्यांत असलेलें तीर्थपुरी हें गांव तेव्हां औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे. त्या सबंध टापूंतील विहिरी आटल्या, गुरें बाजारांत कवडीमोलानें गेलीं आणि शेतकरी खडी फोडावयास बसला. अमेरिकेंतून आलेला तांबडा मिलो आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी यांवर त्या काळीं घरेंच्या घरें जगलीं. मे १९७३ मध्यें महाराष्ट्रांतील दुष्काळी कामांवर सुमारें पन्नास लक्ष माणसें राबत होतीं. अशा मुलखांत कोणी अंगावरचें मांस झडविणारी गोळी विकावयास आणली असती, तर लोकांनीं त्याची गणना वेड्यांत केली असती.

अर्ध्या शतकांत काळ किती पालटला पाहा. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील प्रौढ स्त्रियांपैकीं शेंकडा २४ आणि पुरुषांपैकीं शेंकडा सुमारें २३ प्रमाणाबाहेर वजनाच्या आढळल्या. आणि त्याच पाहणींत शेंकडा सुमारें १९ स्त्रिया प्रमाणापेक्षां कृशही आढळल्या. एकाच आळींत एका घरीं अन्न पुरत नाहीं व दुसऱ्या घरीं तें जिरत नाहीं, असा हा प्रकार आहे. मुंबईच्या लोकल गाडींतील भित्तीवर डकविलेली ‘वजन घटवा’ ही चिठ्ठी आतां मोबाईलच्या वाटेनें तीर्थपुरीसारख्या गांवींही पोंचते, आणि तिच्यासवें गोळीही पोंचते. या गोळीचें कूळ कोणतें, आणि तिनें आजवर कोणाकोणाच्या घरीं काय काय करून ठेवलें, हें पाहण्यासारखें आहे.

स्थौल्याचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत लोकनिंदेस पात्र होणारीं आठ शरीरें सांगितलीं आहेत. फार उंच, फार ठेंगणा, फार केसाळ, केसरहित, फार काळा, फार गोरा, फार स्थूल आणि फार कृश. यांतील शेवटच्या दोहोंचाच विस्तार ग्रंथकारानें केला आहे, कारण वैद्याला कांहीं करतां येण्यासारखें असलें तर तें तेथेंच. अतिस्थूल मनुष्याच्या मागें लागणारे आठ दोष तो मोजतो: आयुष्य घटणें, हालचाल मंदावणें, अशक्तता, घाम, दुर्गंधी, अतोनात भूक, अतोनात तहान आणि संसारसुखांत येणारी अडचण. कारणें सांगतांना जड व गोड आहार, दिवसाची झोंप, व्यायामाचा अभाव यांबरोबरच त्यानें आनुवंशिक बीजाचाही उल्लेख केला आहे. आईबापांच्या देहाचा वारसा म्हणून आलेल्या मेदाबद्दल मुलाला आळशी म्हणणाऱ्या आजच्या शेजाऱ्यापेक्षां चरक अधिक समंजस होता, असें म्हणावें लागतें. उपचारांत गुळवेल, त्रिफळा, मध, ताक, जव हीं आहेत; आणि जागरण, व्यायाम, चिंतन हीं क्रमाक्रमानें वाढवावीं असें सांगितलें आहे. ‘क्रमाक्रमानें’ हा शब्द ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व कथा तो शब्द विसरल्याची आहे.

विलायतेंत याच विषयाची चर्चा १८६३ सालीं विल्यम बॅंटिंग नांवाच्या लंडनच्या एका गृहस्थानें घरोघर पोंचविली. हा मनुष्य धंद्यानें प्रेतयात्रेची व्यवस्था करणारा होता. पाव, साखर, बटाटे वगैरे सोडून आपण कसे हलके झालों, हें त्यानें एका लहानशा पुस्तिकेंत सांगितलें. त्याच्या पुस्तिकेंत गोळी नव्हती. पण पथ्य पाळणें कोणाला आवडतें? १८७८ च्या सुमारास अमेरिकेंत ‘ॲलन्स अँटी-फॅट’ नांवाचें औषध बाजारांत आलें. तें समुद्रांतील शेवाळाचा अर्क होतें. शेवाळांत आयोडीन असतें आणि आयोडीनचा कंठांतील थायरॉइड ग्रंथीशीं निकट संबंध असतो. १८९१ मध्यें जॉर्ज मरे या इंग्रज वैद्यानें मेंढीच्या थायरॉइडचा अर्क देऊन त्या ग्रंथीच्या अभावानें खंगलेल्या रोग्याला गुण दिला. हा शोध मोठाच होता. पण रोग्याच्या अंगावरील सूज उतरलेली पाहतांच, ज्यांची ग्रंथि धडधाकट होती अशा लठ्ठ माणसांनाही तोच अर्क देण्याची टूम निघाली. वजन उतरे, पण मेदाबरोबर स्नायूही उतरत. छातींत धडधड, हातांना कंप, झोंपेचा नाश, हीं पाठोपाठ येत.

तथापि या घराण्यांतील खरी काळीकुट्ट गोळी पुढेंच होती, आणि ती रंगानें पिंवळी होती. डायनायट्रोफेनॉल हें तिचें नांव. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत हा पदार्थ स्फोटकांत मिसळीत असत. तेथील कामगार वाळूं लागले, त्यांना ताप चढूं लागला, घामाच्या धारा लागूं लागल्या आणि कांहीं मेले. १९३३ मध्यें कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टेंटर व कटिंग या संशोधकांनीं याच द्रव्याचा वजन उतरविण्याकडे उपयोग करून पाहिला. आठवड्यास दोन-तीन पौंड वजन बिनपथ्यानें उतरूं लागलें. त्याची कृति अशी: आपण जें अन्न खातों त्यापासून पेशींत शक्ति तयार होते व ती कामाला लागते. हें द्रव्य त्या दोहोंमधील दुवाच तोडतें. अन्न जळतें, पण शक्ति हातीं लागत नाहीं, सर्व उष्णता होऊन जाते. चूल भडकलेली आणि भांडें मात्र चुलीवर नाहीं, अशी देहाची स्थिति होते. मात्रा थोडी चुकली कीं ही उष्णता शरीराला आवरत नाहीं, आणि तिला उतारा नाहीं. ताप वाढत वाढत मनुष्य आंतल्या आंत शिजतो, हें वर्णन भयंकर वाटलें तरी अतिशयोक्त नव्हे.

एका वर्षांत अमेरिकेंत निदान एक लक्ष माणसांनीं हें द्रव्य घेतलें असावें, असा टेंटरचाच अंदाज होता. वैद्याच्या चिठ्ठीशिवाय तें निरनिराळ्या नांवांनीं विकलें जात होतें. १९३५ पासून डोळ्यांच्या वैद्यांकडे एक विचित्र गोष्ट येऊं लागली. ऐन तारुण्यांतील स्त्रियांना मोतीबिंदु होऊं लागला. आजीला व्हावयाचा रोग नातीला होऊं लागला, आणि चौकशी करतां प्रत्येकीच्या घरीं तीच पिंवळी गोळी सांपडूं लागली. गोळी बंद केल्यावर कित्येक महिन्यांनींही दृष्टि जात असे.

सरकार काय करीत होतें, असा प्रश्न येथें साहजिकच येतो. तेथील १९०६ चा कायदा औषधांना लागू होता. परंतु औषध म्हणजे रोगावरील द्रव्य, आणि लठ्ठपणा हा त्या कायद्याच्या दृष्टीनें रोगच नव्हता! म्हणून वजन उतरविणारी गोळी औषध ठरत नव्हती आणि तिच्यावर कोणाचा हात चालत नव्हता. आपल्या प्राचीन वैद्यांनीं ज्याचीं लक्षणें व उपचार लिहून ठेवले, तें एका आधुनिक राष्ट्राच्या कायद्यांतून अक्षरशः निसटलें होतें. १९३७ मध्यें सल्फानिलमाइडच्या एका विषारी द्रावणानें शंभराहून अधिक माणसें, त्यांत बरींच बालकें, दगावलीं. तेव्हां कोठें १९३८ चा नवा कायदा झाला व पिंवळी गोळी बाजारांतून उठली.

तिची जागा लगेच दुसरीनें घेतली. ॲम्फेटामीन हें द्रव्य १८८७ मध्यें बर्लिन येथें प्रथम तयार झालें होतें. त्यानें भूक मरते हें १९३० नंतरच्या दशकांत कळलें. भूक मरे आणि अंगांत तरतरी येई, मग आणखी काय पाहिजे? पण तरतरी ओसरली कीं मन खचे, आणि गोळीवांचून दिवस जाईना. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत ‘इंद्रधनुष्यी गोळ्यां’चा धंदा उभा राहिला. एक गोळी भूक मारण्यास, दुसरी थायरॉइडची, तिसरी लघवी वाढविण्यास, चवथी रेचक, पांचवी झोंपेची आणि कधीं कधीं हृदयावर काम करणारी डिजिटॅलिसही. सगळ्या सुंदर रंगांच्या. लघवी व रेच यांवाटे शरीरांतील पोटॅशियम निघून जाई आणि अशा वेळीं डिजिटॅलिस हृदयाचा ठोका बिघडवी. कांहीं तरुण स्त्रिया अशा रीतीनें मरण पावल्यावर १९६८ मध्यें तेथील सेनेटच्या समितीपुढें हा व्यवहार उघडा पडला. त्याच वर्षीं युरोपांत ॲमिनोरेक्स हें औषध बंद झालें. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया व पश्चिम जर्मनी या तीन देशांत तें १९६५ पासून विकलें जात होतें, आणि त्यानें फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढून माणसें धांपा टाकीत मरत होतीं.

हिंदुस्थानांत औषधांच्या बाजाराकडे लक्ष १९३० मध्यें वळलें. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें १९३१ मध्यें अहवाल दिला आणि १९४० मध्यें औषधांचा कायदा झाला. तीर्थपुरी त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें. ब्रिटिश हद्दींतील हा कायदा तेथें लागू नव्हता. जाहिरातींवरील अंकुश १९५४ मध्यें आला. ‘औषधे व जादूचे उपाय’ यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधींच्या त्या कायद्याला एक परिशिष्ट आहे. त्यांत अंधत्व, कर्करोग, मधुमेह यांच्या पंक्तीला स्थौल्यही बसविलेलें आहे. हा रोग अमुक औषधानें बरा होतो अशी जाहिरात सामान्य जनतेपुढें करणें हा गुन्हा असून पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. अमेरिकेचा कायदा जेथें ठेंचाळला तेथें आमचा कायदा सावधपणें पाऊल टाकून गेला, याचा अभिमान वाटावा. मात्र सत्तर वर्षांत या कलमाचें भय किती जाहिरातदारांना वाटलें, हें कोणत्याही दिवसाचें वर्तमानपत्र उघडून पाहावें. ‘वजन घटवा’ असें न छापतां ‘शरीरशुद्धि’ छापलें कीं पुष्कळदां काम भागतें.

पुढील इतिहास आजच्या पिढीला आठवण्यासारखा आहे. फेनफ्लुरामीन घेणाऱ्या २४ स्त्रियांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचें अमेरिकन वैद्यांनीं ऑगस्ट १९९७ मध्यें प्रसिद्ध केलें आणि सप्टेंबरांत तें औषध तेथील बाजारांतून उठलें. पुढें भारतानेंही तें बंद केलें. २००६ मध्यें युरोपांत आलेलें रिमोनाबंट भूक मारतां मारतां मनही मारी. त्याच्या सेवनानें उदासीनता व आत्मघाताचे विचार येतात असें दिसल्यावर २००८ मध्यें तेथें व डिसेंबर २००९ मध्यें भारतांत त्यावर बंदी आली. सिबुट्रामीनची पाळी त्यानंतर आली. सुमारें दहा हजार हृदयरोगी व मधुमेही लोकांवर झालेल्या पाहणींत, तें घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके व पक्षाघात शेंकडा १६ नीं अधिक आढळले. अमेरिकेनें तें ऑक्टोबर २०१० मध्यें आणि भारत सरकारनें फेब्रुवारी २०११ मध्यें बंद केलें.

बंद केलें खरें. पण तें गेलें नाहीं. तें ‘वनस्पतिजन्य’ डब्यांत जाऊन बसलें. अमेरिकेच्या औषध खात्यानें डिसेंबर २००८ मध्येंच अशा डझनावारी गोळ्यांची नांवें जाहीर केलीं होतीं, कीं ज्यांच्या वेष्टनावर केवळ झाडपाल्याचीं नांवें होतीं आणि पोटांत सिबुट्रामीन होतें. २००७ ते २०१६ या दहा वर्षांत त्या खात्याला भेसळीचीं ७७६ पूरक द्रव्यें सांपडलीं, त्यांतील शेंकडा सुमारें ४१ वजन घटविण्याचीं होतीं. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाहीं’ हें वाक्य आपल्या घरांतून किती सहजपणें उच्चारलें जातें! ज्या शास्त्रानें ‘क्रमाक्रमानें’ म्हटलें, त्याच्याच नांवाच्या पांघरुणाखालीं बंदी घातलेलें रसायन विकलें जावें, यापरता त्या शास्त्राचा अपमान कोणता?

वैद्याच्या चिठ्ठीवांचून विकण्यास अमेरिकेंत २००७ मध्यें राजरोस परवानगी मिळाली ती ऑर्लिस्टॅटला. तें हृदयावर वा मेंदूवर जात नाहीं. आंतड्यांत तेलतूप पचविणारें जें पाचक द्रव्य असतें त्याला तें अडवितें, म्हणजे आहारांतील सुमारें एक चतुर्थांश ते तृतीयांश स्निग्धांश न पचतां तसाच बाहेर पडतो. येथें जें घडतें तें सभ्य भाषेंत सांगणें कठीण आहे. पोटांत वायु धरतो, शौचाची घाई आवरत नाहीं, आणि वायूबरोबर तेल निघून वस्त्रें डागाळतात. औषध विकणाऱ्यांनींच आरंभीं काळे कपडे घालण्याचा आणि कामावर जातांना बदलीचे कपडे बरोबर नेण्याचा सल्ला दिला होता! तुपाची धार सोडलेली पुरणपोळी खाऊन वर ही गोळी घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशीं घराबाहेर पडणें धोक्याचें. जीवनसत्त्वें अ, ड, ई व के हीं स्निग्धांशाबरोबर बाहेर जातात, म्हणून तीं निराळीं घ्यावीं लागतात. क्वचित् यकृताला गंभीर इजा झाल्याची सूचना २०१० पासून वेष्टनावर आहे. एवढें सोसून उतरणारें वजन मात्र थोडकेंच.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कार आपल्या संस्थानांतील शाळांतून सक्तीचे केले. तो उपाय फुकट होता, आणि फुकट असल्यामुळेंच त्याला जाहिरातदार मिळाला नाहीं.

आणि ती पिंवळी पूड? ती १९३८ सालीं मेली असें वाटलें होतें. पण मोबाईल व संगणक यांच्या बाजारांत ती पुन्हां उभी राहिली. एप्रिल २०१५ मध्यें इंग्लंडमध्यें एकवीस वर्षांची एक विद्यार्थिनी ती घेऊन मरण पावली. रुग्णालयांत ती स्वतःच्या पायांनीं गेली होती. कोणालाही कांहीं करतां आलें नाहीं. ऑक्टोबर २०२३ पासून ब्रिटनमध्यें हें द्रव्य विषांच्या यादींत घालण्यांत आलें असून परवान्यावांचून तें जवळ बाळगतां येत नाहीं. जे लोक तें चोरून विकतात ते पुडीवर बहुधा ‘माणसांच्या सेवनासाठीं नाहीं’ असें छापतात, आणि गोळ्या किती घ्याव्या तें निराळ्या पत्रांतून कळवितात.