‘सिस्टर’ म्हणजे नेमकं कोण? देवळाली प्रवराच्या रुग्णांसाठी आणि लेकींसाठी थोडी माहिती

आपल्या देवळाली प्रवरातून (नाशिकची देवळाली वेगळी, राहुरी तालुक्यातली ही) आजारी माणूस घेऊन निघालं की वाटा ठरलेल्या असतात. जवळ राहुरी, पुढे श्रीरामपूर, नाहीतर लोणीचं प्रवरा हॉस्पिटल आणि शेवटी नगरचं सिव्हिल. कुठेही गेलो तरी डॉक्टर पाच मिनिटं भेटतात. रात्रभर उशाशी असते ती सिस्टर. पण ती कोण, तिचं शिक्षण काय आणि एका वेळी तिच्यावर किती रुग्ण सोपवले आहेत, हे आपण कधी विचारत नाही.

आधी नावांचा गोंधळ सोडवू. गावात लस द्यायला आणि गरोदर बायांची तपासणी करायला येते ती एएनएम. तिचा कोर्स दोन वर्षांचा. वॉर्डात सलाईन, इंजेक्शन, ड्रेसिंग पाहणाऱ्या अधिपरिचारिकेचं शिक्षण जीएनएम म्हणजे तीन वर्षं, किंवा बी.एस्सी. नर्सिंग म्हणजे चार वर्षं. आशाताई मात्र नर्स नाही. ती गावातली स्वयंसेविका असून तिला मानधन मिळतं. खासगी दवाखान्यात पांढरे कपडे घालून वावरणारी प्रत्येक मुलगी नर्स असतेच असं नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असेल तीच नर्स. नोंदणी आहे का, हे विचारणं म्हणजे कुणाचा अपमान नव्हे.

आता सरकारी हिशेब. सपाट भागात 5 हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, 30 हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. आपल्या गावाला नगरपालिका आहे, म्हणजे गाव कागदोपत्री शहर. पण शहरी आरोग्य अभियान साधारण 50 हजारांवरच्या शहरांसाठी आहे. त्यामुळे आपल्यासारखी छोटी नगरपालिका आरोग्याच्या बाबतीत ग्रामीण योजनेतच मोडते. घरपट्टी शहराची, दवाखाना खेड्याचा, असं म्हणा ना!

नर्सची संख्या किती असावी, याचेही भारतीय नर्सिंग परिषदेचे निकष आहेत. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक, आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला एक स्वतंत्र नर्स. सुट्या-आजारपणासाठी यावर आणखी 30 टक्के धरायच्या. रात्री सरकारी वॉर्डात ज्यांनी आपलं माणूस सांभाळलंय, त्यांनी स्वतःच मोजून पाहावं. मे 2022 मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा बाह्यस्रोतांतून म्हणजे ठेकेदारामार्फत भरती करायला त्यांचा विरोध होता. तेव्हा रुग्णांचे हाल झाले, हे खरं. पण कंत्राटावरची मुलगी उद्या असेल की नाही याची खात्री नसेल, तर वॉर्डाला अनुभव कुठून येणार?

नर्सवर काय ओझं असतं ते आपल्याच जिल्ह्याने पाहिलं आहे. 6 नोव्हेंबर 2021, भाऊबीजेचा दिवस. नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि 11 रुग्ण दगावले. काही दिवसांतच एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. राज्यभरातल्या नर्सेसनी तेव्हा निषेध केला. त्याच वर्षी 9 जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागून 10 बालकं गेली होती, आणि तिथेही गुन्हा दोन परिचारिकांवर दाखल झाला. हलगर्जी झाली असेल तर चौकशी व्हायलाच हवी, मेलेल्यांच्या घरच्यांचा तो हक्क आहे. पण वायरिंग, आग विझवायची यंत्रणा आणि बाहेर पडायचा रस्ता या गोष्टी नर्सच्या हातात नसतात. आमच्या मते आधी पकडायला हवं ते यंत्रणेला. ड्युटीवरची बाई सगळ्यांसमोर उभी असते, म्हणून हात तिच्यापर्यंत सगळ्यात आधी पोचतो.

खासगी रुग्णालयांतला पगार हा आणखी एक दुखरा भाग. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2016 च्या निर्देशानुसार केंद्राने समिती नेमली. 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला महिन्याला किमान 20 हजार मिळावेत आणि 200 पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार असावा, अशी शिफारस समितीने केली. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली. आपल्या नात्यात कुणी खासगीत नोकरीला असेल तर तिलाच विचारा, हातात किती पडतात.

तरीही मुलींना या कामाला पाठवावं का? आम्ही म्हणू, जरूर पाठवा. आपल्याकडे अजून काही घरांत रात्रपाळीचं नाव काढलं की अब्बा गप्प होतात आणि खाला-फुफू नाकं मुरडतात. हजरत रुफैदा अस्लमिया यांनी मदिनेत जखमींसाठी तंबू उभारून शुश्रूषा केली, हे बयानात ऐकायला सगळ्यांना आवडतं. मग लेकीच्या वेळी अडचण का? शिवाय बायकांच्या वॉर्डात आपल्या अम्मीला परपुरुषाऐवजी बाईनेच तपासावं असं वाटत असेल, तर ती बाई कुणाच्या तरी घरातून यायलाच हवी.

प्रवेश घेताना मात्र फसू नका. ‘सहा महिन्यांत नर्स’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. असे कोर्स रुग्णसेविकेचे असतील, पण त्यावर नर्स म्हणून नोंदणी होत नाही. संस्थेला नर्सिंग परिषदेची मान्यता आहे का ते फी भरण्याआधी पाहा. बी.एस्सी.साठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. शिकायला फार लांब जायला नको, लोणीला नर्सिंग कॉलेज आहे. 2023 मध्ये संसदेने 1947 चा जुना कायदा बाजूला सारून राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला. त्यात देशभराची एक नोंदवही ठेवायची तरतूद आहे. म्हणजे पदवी खरी असेल तर मुलीला राज्याबाहेरही दारं उघडी.

रुग्णांसाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत आहेत. कुणी केसपेपरचे पैसे मागितले तर पावती मागा. मोठ्या ऑपरेशनसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, आणि तेही भरती होतानाच. डिस्चार्जच्या वेळी गेलात तर बहुतेक उशीर झालेला असतो. रुग्णवाहिकेसाठी 108.