संहितेचे स्थलांतर आणि हरवलेला समास

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. नकलेगणिक पाठ बदलतो, हे तेव्हापासून मराठीच्या अभ्यासकाला वेगळे सांगावे लागत नाही. यंत्राने केलेली नक्कल मात्र हुबेहूब असणार, असा आपला समज असतो. आयबीएमच्या मध्यम श्रेणीच्या संगणकांचा इतिहास हा समज तपासून पाहायला लावतो.

सिस्टिम/३८ (१९७८) आणि सिस्टिम/३६ (१९८३) यांचा वारसा घेऊन १९८८ च्या जूनमध्ये एएस/४०० आला. त्यावरील प्रोग्रॅमची मूळ संहिता ओळींच्या नोंदींत राहते. प्रत्येक नोंदीत सहा अंकी क्रमांक, शेवटच्या बदलाची सहा अंकी तारीख आणि मग ८० अक्षरांचा मजकूर, एकूण ९२. हे ८० स्तंभ १९२८ च्या पंचकार्डाचे. ओळ न् ओळ आपला काळ स्वतः सांगते, ही सोय आपल्या कोणत्या पोथीत आहे?

१९९४ मध्ये आरपीजी भाषेची चौथी आवृत्ती आली आणि मजकूर १०० अक्षरांचा, नोंद ११२ ची झाली. वाढलेले स्तंभ, ८१ ते १००, टीपांसाठी होते. अशी संहिता ९२ च्या जुन्या चौकटीत उतरवली की शेपूट कापली जाते. यंत्राला टीपा लागत नाहीत. प्रोग्रॅम पूर्वीसारखाच चालतो. म्हणूनच समास गेल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही. एफटीपीने साधा मजकूर म्हणून फाइल बाहेर काढली, तर क्रमांक आणि तारखाही सामान्यतः मागे राहतात. शिवाय एबसिडिकमधून आस्कीत लिप्यंतर होते: तिथला १९३ क्रमांकाचा ‘ए’ इथे ६५ होतो. अक्षरे सहसा तरतात. चौकटी कंस मात्र कोष्टक बदलताच दगा देतात.

नव्या यंत्रावरून जुन्यावर जाताना आणखी एक अट असते. गाठोडे बांधतानाच ते कोणत्या जुन्या आवृत्तीसाठी आहे हे सांगावे लागते, आणि मागे जाण्याची मुभा मोजक्याच आवृत्त्यांपुरती असते.

खरी परीक्षा १९९५ मध्ये झाली. ४८ बिटांच्या पत्त्यांची जुनी रचना जाऊन ६४ बिटांचे प्रोसेसर आले. ज्या प्रोग्रॅमनी पुनर्रचनेसाठी लागणारी माहिती पोटात जपली होती, ते आपोआप नव्या यंत्रावर उभे राहिले. ज्यांच्यातून ती काढून टाकलेली होती, त्यांना मूळ संहितेवाचून तरणोपाय नव्हता. संहिता हरवलेली असेल, तर वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेला प्रोग्रॅमही तिथेच मुका झाला.

आम्हांला यातून एवढेच म्हणायचे आहे की, ‘चालते आहे’ हा पाठ शुद्ध असल्याचा पुरावा नव्हे. यंत्राला अर्थ पुरतो. अभ्यासकाला समासही लागतो, आणि तो कुणी, केव्हा लिहिला हेही. पाठचिकित्सेचे काम पोथीबरोबर संपले, असे म्हणणाऱ्यांनी म्हणूनच या ९२ अक्षरांकडे एकदा पाहावे.