पोटातली दुर्बीण आणि ‘काही निघाले नाही’ : एका निदानाचा इतिहास

लॅपरोस्कोपीला मराठीत सर्रास ‘दुर्बीण’ म्हणतात. ‘दुर्बिणीतून पाहिले, काही निघाले नाही’ हे वाक्य ओटीपोटाच्या जुनाट दुखण्याने त्रासलेल्या असंख्य स्त्रियांनी भूल उतरता उतरता ऐकलेले आहे. घरच्यांना ते आनंदाचे वाटते. जिचे पोट दुखते तिची अवस्था मात्र विचित्र होते, कारण दुखणे होते तिथेच असते आणि त्याला देण्यासारखे नावही आता हाती उरत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार अशा दुखण्यासाठी केलेल्या दुर्बिणीच्या तपासण्यांपैकी एक तृतीयांश ते निम्म्या तपासण्यांत दोष सापडत नाही. म्हणजे हा अनुभव अपवादाचा नव्हे. हे ‘काही’ म्हणजे नेमके काय, आणि ते दिसले वा दिसले नाही हे कोणाच्या डोळ्यांनी ठरत आले, याचा हा धागा.

दुर्बीण येण्यापूर्वी ओटीपोटात पाहण्याचा मार्ग एकच होता : पोट उघडणे. आणि उघडलेल्या पोटातून शल्यचिकित्सक रिकाम्या हातांनी परतत नसत. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील रोम नावाच्या गावी रॉबर्ट बॅटी या डॉक्टरने १८७२ साली एका स्त्रीची दोन्ही अंडाशये काढली. पाळीशी निगडित त्रासाचे मूळ अंडाशयात आहे, तेव्हा पाळीच थांबवली की त्रास थांबेल, असा त्याचा तर्क होता. ही ‘बॅटीची शस्त्रक्रिया’ पुढची काही दशके युरोप-अमेरिकेत होत राहिली. दुखण्यासाठी झाली, अपस्मारासाठी झाली आणि ‘हिस्टेरिया’ म्हणून नोंदवलेल्या मनोव्यथांसाठीही झाली. काढलेला अवयव निरोगी असला तरी हरकत नाही, हे तिच्यात गृहीतच होते. इतिहासात या प्रकरणाकडे क्रौर्य म्हणून पाहिले जाते. ते योग्यच आहे. पण कारण दिसत नसताना काहीतरी केल्याचे समाधान वैद्याला किती मोलाचे वाटते, हेही त्यात दिसते.

न कापता पाहण्याची कल्पना १९०१ साली जर्मनीत साकारली. ड्रेस्डेनच्या गेओर्ग केलिंग यांनी हॅम्बुर्गच्या शास्त्रज्ञ संमेलनात एका कुत्र्याचे पोट हवेने फुगवले आणि मूत्राशय तपासण्याच्या नळीतून आत पाहून दाखवले. १९१० साली स्टॉकहोमच्या हान्स ख्रिश्चन याकोबेउस यांनी हाच प्रयोग माणसांवर केल्याचे प्रसिद्ध केले. या दोघांच्याही डोळ्यांसमोर स्त्रियांचे दुखणे नव्हते. याकोबेउस यांचे लक्ष पोटात पाणी साठलेल्या रुग्णांवर होते.

तंत्र स्त्रीरोगशास्त्रात खऱ्या अर्थाने रुजवले ते पॅरिसच्या राउल पामर यांनी, १९४० च्या दशकात. त्यांनी टेबलाची डोक्याकडची बाजू खाली केली. आतडी वर सरकली आणि गर्भाशय, अंडाशये, बीजवाहिन्या नजरेसमोर मोकळ्या झाल्या. पोटात हवा भरण्यासाठी जी सुई रूढ झाली तिची कथा गमतीची आहे. हंगेरीच्या यानोश वेरेश यांनी ती क्षयरोग्यांच्या छातीत हवा सोडण्यासाठी बनवली होती. आत स्प्रिंग असल्याने टोक नाजूक अवयवाला भोसकत नसे. पुढे दिवा नळीच्या टोकावरून निघून बाहेर गेला आणि काचतंतूंतून आत येणाऱ्या ‘थंड’ प्रकाशामुळे आतडी भाजण्याची भीती उरली नाही. लंकेशायरमधील ओल्डहॅमच्या पॅट्रिक स्टेप्टो यांनी १९६७ साली या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. हेच स्टेप्टो पुढे १९७८ च्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळामुळे जगाला माहीत झाले. त्या कीर्तीच्या झगझगाटात त्यांच्या दुर्बिणीने दुखणाऱ्या पोटांसाठी काय केले ते झाकोळून गेले.

तिने बरेच केले. एंडोमेट्रिओसिस या विकाराचेच पाहा. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, अंडाशयांवर किंवा पोटाच्या आतील पडद्यावर वाढते, असा हा विकार. न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनीचे जॉन सॅम्पसन यांनी १९२० च्या दशकात त्याला आजचे नाव दिले. पाळीचे रक्त बीजवाहिन्यांतून उलटे पोटात जाते आणि तिथे रुजते, हा त्यांचा सिद्धांत १९२७ चा. मात्र १९४० च्या दशकात बॉस्टनच्या जो मेग्ज यांनी या विकाराचा संबंध उशिरा लग्न करणाऱ्या, मुले लांबणीवर टाकणाऱ्या सुस्थितीतील स्त्रियांशी जोडला. पाठ्यपुस्तकांतली रुग्ण मग गोरी, शिकलेली, नोकरी करणारी झाली. कृष्णवर्णीय स्त्रीचे ओटीपोट दुखले तर तो लैंगिक संसर्गातून आलेला दाह, असे धरून चालत. शिकागोचे डोनाल्ड चॅटमन यांनी १९७६ साली दुर्बिणीच्या आधारे दाखवून दिले की, असा शिक्का बसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी अनेकींना प्रत्यक्षात एंडोमेट्रिओसिस होता. पूर्वग्रहाला पुराव्याने उत्तर देण्याचे हे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात अधिक ठळकपणे सांगितले जायला हवे.

आता नाण्याची दुसरी बाजू. दुर्बीण पुरावा देऊ लागली, तेव्हा जे दुर्बिणीला दिसत नाही ते नाहीच, असाही समज दृढ झाला. शल्यचिकित्सकांना शिकवलेले चित्र निळसर-काळ्या ठिपक्यांचे होते, जणू बंदुकीच्या दारूने भाजल्याच्या खुणा. १९८६ साली सिडनीच्या रॉबर्ट जॅन्सेन आणि पीटर रसेल यांनी वेगळ्या दिसणाऱ्या जागांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पांढरट डाग, ज्वाळांसारखे लाल चट्टे, पिवळट-तपकिरी छटा, पडद्यातले गोल खळगे. यांतल्या अनेक जागी एंडोमेट्रिओसिस निघाला. याचा सरळ अर्थ असा की, त्याआधीच्या वर्षांत ‘सर्व काही निरोगी’ असे ऐकून घरी गेलेल्या काही स्त्रियांच्या पोटात विकार डॉक्टरांच्या डोळ्यांपुढेच होता. दुर्बीण तीच होती. काय पाहायचे हे नजरेला ठाऊक नव्हते.

मात्र एवढ्यावरून ‘दिसले असते तर सुटले असते’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. अमेरिकन फर्टिलिटी सोसायटीने १९८५ साली सुधारलेल्या वर्गवारीत विकाराला गुण मिळतात : १ ते ५ अत्यल्प, ६ ते १५ सौम्य, १६ ते ४० मध्यम आणि ४० च्या वर तीव्र. ही मोजपट्टी मुख्यतः वंध्यत्वाच्या दृष्टीने आखलेली होती आणि वेदनेशी तिचा मेळ बसत नाही. चार ठिपके असलेली स्त्री अंथरुणाला खिळते, तर चॉकलेट सिस्ट असलेली एखादी विनातक्रार फिरते. कुटुंबनियोजनासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या, काहीही न दुखणाऱ्या स्त्रियांतही असे ठिपके आढळले आहेत. शिवाय ओटीपोटात एकटे गर्भाशय नसते. मूत्राशय, आतडी, स्नायू, मज्जातंतू यांची दुखणी दुर्बिणीच्या चित्रात उमटतातच असे नाही.

तपासणीनंतरचे दिवस या इतिहासात फारसे लिहिले गेले नाहीत. पोट फुगवायला भरलेला कार्बन डायऑक्साइड थोडा मागे उरतो, श्वासपटलाला टोचतो आणि दुखते ते खांद्यात, कारण दोन्हींच्या मज्जातंतूंची मुळे मानेत एकाच ठिकाणी आहेत. ज्या बाईला हे आधी सांगितलेले नसते ती खांदा धरून घाबरते. वायू दोन-चार दिवसांत रक्तात विरून जातो. टाके एक-दोन, तेही इवलेसे. मोठ्या शस्त्रक्रियेला मिळते ती विश्रांतीची मुभा या इवल्या टाक्यांना मिळत नाही. टाके भरल्यावर जुने दुखणे पुन्हा वर येते, आणि ‘सगळे ठीक आहे’ असे सांगणारा कागद एव्हाना घरात आलेला असतो.

या टप्प्यावर रुग्णाला कसे सावरावे याचा विचार वैद्यकाने उशिरा केला. तिचे आतले छायाचित्र तिलाच दाखवून समजावले तर धीर येईल, ही कल्पना इंग्लंडमध्ये चाचणी घेऊन तपासली गेली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत छायाचित्राचा वेदनेला फायदा दिसला नाही. त्याहून महत्त्वाची चाचणी नेदरलँड्समधील लायडनची, १९९१ ची. १०६ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाची रीतीप्रमाणे आधी दुर्बिणीने तपासणी. दुसऱ्या गटात सुरुवातीपासूनच शरीर, मन, आहार, परिस्थिती, फिजिओथेरपी या सर्वांकडे एकत्र लक्ष, आणि दुर्बीण सरसकट नाही. वर्षभरानंतर दुसऱ्या गटातील स्त्रियांचे दुखणे अधिक कमी झालेले होते. मन हा शब्द ऐकताच ‘म्हणजे दुखणे मनाचे खेळ’ असा अर्थ काढण्याची जुनी खोड आहे. लायडनच्या डॉक्टरांनी मनाला शरीराच्या जागी बसवले नव्हते, शेजारी बसवले होते.

त्या जुन्या खोडीची किंमत कादंबरीकार हिलरी मँटेल यांनी मोजली. विद्यार्थिदशेत पोट आणि पाय दुखतात म्हणून त्या डॉक्टरांकडे गेल्या आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवल्या गेल्या. औषधे मिळाली तीही मनाची. पुढे बोट्स्वानात राहत असताना वैद्यकाच्या पुस्तकांतून त्यांनी आपले निदान आपणच केले. १९७९ साली लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि निदान खरे ठरले. तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या. गर्भाशय व अंडाशये गेली, दुखणे काही काळाने परतले. २००३ च्या आत्मकथनात त्यांनी हे सारे नोंदवले आहे.

मँटेल यांची शस्त्रक्रिया झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८० साली, अमेरिकेत मिल्वॉकी येथे मेरी लू बॉलवेग आणि कॅरोलिन कीथ यांनी रुग्ण स्त्रियांची एंडोमेट्रिओसिस असोसिएशन स्थापन केली. एकमेकींना आधार देण्याबरोबर या स्त्रियांनी आपल्या लक्षणांची माहिती पद्धतशीर गोळा करायला घेतली. दवाखान्यात ‘तक्रार’ म्हणून ऐकली जाणारी गोष्ट इथे नोंद झाली.

१९९० च्या दशकात काही शल्यचिकित्सकांनी एक वेगळाच प्रयोग केला. अगदी बारीक दुर्बीण, पूर्ण भूल नाही, फक्त जागा बधिर केलेली. रुग्ण जागी. डॉक्टर आतील एकेका जागेला हलकेच स्पर्श करत आणि विचारत : रोजचे दुखते ते हेच का? काही वेळा निरोगी दिसणाऱ्या जागेवर ‘हो’ असे उत्तर येई. सर्वांना सोसवणारी नसल्याने ही पद्धत फार पसरली नाही. २०२२ साली युरोपीय तज्ज्ञसंस्था एश्रे हिने आपल्या मार्गदर्शिकेत एंडोमेट्रिओसिसच्या निदानाची अंतिम कसोटी हे लॅपरोस्कोपीचे स्थान काढून घेतले. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये काही दिसत नसेल, अथवा औषधोपचारांचा उपयोग होत नसेल, तर दुर्बिणीचा विचार करावा, असे ती सांगते. आणि ते स्कॅन निर्दोष आले म्हणून विकार नाहीच असे धरू नये, हेही तीच सांगते.