एक पैसा, पन्नास पैसे आणि आजीचा फोन

आज वर्तकनगरमधून बोलतोय, म्हाडाच्या इमारतींच्या जवळूनच. विषय आहे रिचार्जचा इतिहास. थोडं गणित येईल, पण शाळेतलंच. घाबरू नका!

31 जुलै 1995ला भारतातला पहिला मोबाईल कॉल झाला, कोलकात्याहून दिल्लीला. तेव्हा मिनिटाला 16 रुपयांच्या आसपास दर, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे! 2003मध्ये इनकमिंग फुकट झालं. पुढे दर उतरले, पण बिल सहसा मिनिटावरच. 61 सेकंद बोललात की पैसे दोन मिनिटांचे. म्हणून तर घराघरात एकच वाक्य: 'पोचलास की मिस कॉल दे.'

मग आलं 2009. टाटा डोकोमो म्हणाली, सेकंदाला एक पैसा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिलायन्सने जाहीर केलं, मिनिटाला 50 पैसे. आता सांगा, स्वस्त कोण?

सेकंद 'क्ष' आणि खर्च 'य' पैसे धरू. पहिल्या प्लॅनचं समीकरण: य = क्ष. सरळ रेषा. दुसरा प्लॅन म्हणजे जिना, नवीन मिनिट सुरू झालं की 50 पैशांची एक पायरी. 20 सेकंदांचा फोन: 20 पैसे की 50? पहिला स्वस्त. 70 सेकंद: 70 की 100? पुन्हा पहिलाच. पण 10 मिनिटं गप्पा मारल्यात तर 6 रुपये की 5? आता दुसरा स्वस्त! रेषा आणि जिना शेवटचे भेटतात 250व्या सेकंदाला, म्हणजे 4 मिनिटं 10 सेकंदांवर. त्यापुढे 50 पैसेवालाच कायम स्वस्त.

म्हणजे उत्तर जाहिरातीत नव्हतंच. ते तुमच्या बोलण्याच्या सवयीत होतं.

सप्टेंबर 2016मध्ये जिओ आलं. कॉल फुकट, पैसे डेटाचे. हळूहळू सगळीकडे पॅक आले आणि रेषा आडवी झाली. तासभर बोला नाहीतर मिनिटभर, पैसे तेवढेच. खूप वापरणाऱ्यांची चंगळ झाली. पण दिवसातून एकदा लेकीला फोन करणारी, नेट न वापरणारी आजी? तीही डेटाचे पैसे भरत राहिली.

शेवटी डिसेंबर 2024मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं, फक्त कॉल आणि एसएमएसचेही पॅक द्या. आता ते मिळतात, पण शोधावे लागतात.

आजीचं रिचार्ज तुम्हीच करता ना? मग पुढच्या वेळी पॅकची किंमत भागिले दिवस करा. आणि आधी बघा, तिला डेटा लागतो का!