नाशिक रस्त्यावरचे कान

लहानपणी आमच्या घरी रेडिओ होता आणि त्याची एरियल होती. तांब्याच्या तारेची विणलेली, चार बोटे रुंद पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली असे. तिच्यावर कुणी ओला टॉवेल टाकला की अब्बा ओरडत, "अरे, त्याचे कान झाकू नका!" तेव्हापासून अँटेना म्हटले की मला कान आठवतो.

आज खिशातल्या मोबाइलला असे चार-पाच कान असतात, पण एकही दिसत नाही. ते कुठे गेले, हे समजून घ्यायला फार लांब जायला नको. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागले तरी पुरे.

सुरुवात खडकीपासून करू. १९२७ साली इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात बिनतारी संदेशांची 'बीम' सेवा सुरू झाली. खडकीहून संदेश जात आणि तिकडून येणारे दौंडला घेतले जात. त्या काळची अँटेना म्हणजे उंच मनोऱ्यांवर टांगलेला तारांचा पडदा. लहरीची लांबी मोठी, म्हणून अँटेनाही मोठी. जागा मोकळी हवी आणि तारा सरळ हव्यात, असा तो सरळपणाचा जमाना होता.

भोसरी, चाकण मागे टाकून नारायणगावकडे गेले की आर्वी लागते. १९७१ साली तिथे उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र सुरू झाले. पुढे त्याला विक्रम साराभाई यांचे नाव मिळाले. सुमारे तीस मीटर व्यासाची ती थाळी होती. इथे लहर अवघ्या काही सेंटिमीटरची, म्हणून थाळीचा पत्रा गुळगुळीत हवा. अँटेनाचा नियम असा की पृष्ठभागावरचा उंचसखलपणा लहरीच्या लांबीच्या मानाने अगदी थोडा असला, तर लहरीला तो जाणवत नाही. जास्त झाला तर ती विस्कटते.

हाच नियम जवळच्या खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांनी मोठ्या चतुराईने वापरला. त्यांना ताऱ्यांकडून येणाऱ्या, वीतभर ते दोन मीटर लांबीच्या लहरी ऐकायच्या होत्या. एवढ्या लांब लहरीला एक-दोन सेंटिमीटरचे भोक दिसतच नाही. मग महागडा पत्रा कशाला? त्यांनी पोलादी दोर ताणून त्यांवर बारीक तारेची जाळी बसवली. जाळीचे तुकडे सपाट, पण सगळे मिळून थाळीचा गोल आकार येतो. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि खर्च कमी. अशा ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात उभ्या राहिल्या. २००१ साली ही जीएमआरटी दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली.

आता परत चाकणला येऊ. १९९५ साली भारतात मोबाइल आला, तेव्हा त्याच्या डोक्यावर एक शेंडी असे. ती खिशात अडके, मोडे. मग कारागिरांनी तिला आत घेतले. पण आत जागा कुठली? नऊशे मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी तेहेतीस सेंटिमीटर, तिचा पाव हिस्सा धरला तरी आठ सेंटिमीटर. सरळ तार मावत नाही. तेव्हा प्लॅस्टिकच्या आतल्या वाकड्यातिकड्या, खाचाखळग्यांच्या अंगावरच अँटेना रेखायची, असा उपाय निघाला.

ही रीत ऐकली तेव्हा मला माझे आजोबा आठवले. ते चाकणच्या बाजारात कल्हई लावत. भांडे कितीही पोचे पडलेले असो, आधी ते तापवायचे, नवसागर टाकून घासायचे आणि मगच कथील फिरवायचे. ते म्हणत, "कथील कुठेही धरत नाही. जिथे भांडे तयार असेल तिथेच धरते."

एलपीकेएफ या जर्मन कंपनीने पुढे आणलेली लेसरची पद्धत नेमकी याच धर्तीची आहे. प्लॅस्टिकमध्ये आधीच एक धातूयुक्त द्रव्य मिसळलेले असते. लेसरचा किरण वळणावळणाने फिरतो. तो जातो तिथला पृष्ठभाग खरबरीत होतो आणि ते द्रव्य जागे होते. मग तुकडा रसायनात बुडवला की तेवढ्याच रेषेवर तांबे धरते, बाकी प्लॅस्टिक कोरे राहते. तांब्यावर निकेल आणि सोन्याचा पातळ थर देतात. नवसागराचे काम लेसर करतो, एवढेच.

मोटारींचेही तसेच झाले. चाकणला फोक्सवागेनचा कारखाना २००९ साली सुरू झाला, तोवर टपावरची लांब काठी अनेक मोटारींवरून ओसरू लागली होती. तिच्या जागी माशाच्या परासारखा उंचवटा आला, नाहीतर काचेत बारीक तारा आल्या.

पण या प्रगतीला दुसरी बाजू आहे. मोबाइल आणि मोटारी बोलणाऱ्या आहेत, खोडदच्या थाळ्या फक्त ऐकणाऱ्या. गलबला वाढला की त्यांना ऐकू येत नाही. म्हणून त्या परिसरातल्या कारखानदारीवर निर्बंध आहेत. तिथल्या तरुणाला कामासाठी चाकण गाठावे लागते. पुणे-नाशिक रेल्वेच्या आखणीतही दुर्बिणीचा प्रश्न आडवा आला. ज्याच्या गावात रोजगार येत नाही, त्याला "ताऱ्यांसाठी थांब" म्हणणे सोपे नाही. त्याचे म्हणणेही ऐकून घ्यायला हवे. पण २०२३ साली विश्वातल्या गुरुत्वलहरींची मंद गुणगुण टिपल्याचे पुरावे जगभरच्या शास्त्रज्ञांनी मांडले, त्यात या दुर्बिणीचा वाटा होता, हेही त्याला कुणीतरी घरी जाऊन सांगायला हवे.

दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरते. एकदा मीही गेलो होतो. दारावर फोन बंद करायला सांगितले. मी केला. समोर ती प्रचंड जाळी आभाळाकडे तोंड करून उभी होती, आणि मला अब्बांचा आवाज ऐकू आला, "अरे, त्याचे कान झाकू नका!"