संगणक-धोरण, भारताचे

संगणकांची आयात, निर्मिती व वापर आणि त्यांवर आधारलेल्या सेवांची निर्यात यांविषयी भारत सरकारने वेळोवेळी घेतलेल्या निर्णयांचा समुच्चय. या निर्णयांनी देशातील संगणकविद्येला वळण दिले. तथापि हे वळण पुष्कळदा धोरणकर्त्यांच्या अपेक्षेहून निराळे होते.

भारतातील पहिला अंकीय संगणक इंग्लंडहून १९५५ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये कार्यान्वित झाला. चीनच्या आक्रमणानंतर (१९६२) इलेक्ट्रॉनिकीचे संरक्षणातील महत्त्व ध्यानी येऊन होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली (१९६३). तिने पुरस्कारिलेल्या स्वयंपूर्णतेच्या दिशेने पुढे हैदराबाद येथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी (१९६७) व केंद्रात इलेक्ट्रॉनिकी विभाग (१९७०) स्थापन झाला.

याच सुमारास रोजगाराचा प्रश्न तीव्र झाला. आयुर्विमा महामंडळ व तेल कंपन्या यांतील कारकुनी कामे संगणकाकडे गेल्यास माणसे रिकामी होतील, ही भीती बेकारीने ग्रासलेल्या देशात निराधार नव्हती. कलकत्त्यात महामंडळाच्या संगणकाला झालेला विरोध गाजला. सरकारने पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनविषयक समिती नेमली; तिचा अहवाल १९७२ चा आहे. बँकांत हा प्रश्न संघटनांशी झालेल्या १९८३ च्या करारानंतरच काहीसा सुटला.

धोरण आणि तंत्रविद्या यांचा खरा संघर्ष आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीच्या बाबतीत दिसतो. ही कंपनी आपली यंत्रे मुख्यतः भाड्याने देई. १४०१ मालिकेतील, अन्यत्र वापरून झालेली यंत्रे मुंबईच्या कारखान्यात दुरुस्त करून ती येथील ग्राहकांना पुरवी. देशाला जुनी तंत्रविद्या मिळते आणि भाड्यापोटी परकीय चलन जाते, हा आक्षेप रास्त होता. परकीय चलन विनियमन अधिनियमाने (१९७३) परदेशी भागभांडवल सामान्यतः ४० टक्क्यांवर आणण्याचे बंधन घातले. संपूर्ण मालकी सोडण्यास कंपनी तयार नव्हती. जनता पक्षाच्या सरकारनेही सवलत नाकारली आणि १९७८ मध्ये तिने येथील व्यवसाय आवरता घेतला. तिच्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आली. देशी यंत्रांनी ही पोकळी भरून निघेल, ही अपेक्षा मात्र अंशतःच पुरी झाली. लघुसंगणकांचे क्षेत्र १९७८ पासून खाजगी उद्योगांना खुले करावे लागले. निरनिराळ्या बनावटींची यंत्रे देशात आल्याने कोणत्याही एका बनावटीशी बांधलेले नसलेले आज्ञावलीकार तयार झाले. पुढे युनिक्स प्रणालीच्या प्रसाराला त्यांचे हे कौशल्य उपयोगी पडले. असा परिणाम कोणी योजिला नव्हता.

निर्यातीचेही तसेच झाले. आयात केलेल्या संगणकाच्या किंमतीच्या दुप्पट मूल्याची आज्ञावली निर्यात करण्याची अट १९७२ च्या योजनेत होती. तीमागे दूरदृष्टीपेक्षा परकीय चलनाची टंचाई अधिक होती, असेच म्हणावे लागेल. तरीही टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या संस्थांनी तिच्या आधारे निर्यात सुरू केली. मुंबईतील सांताक्रूझ येथे इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी निर्यात क्षेत्र उभारण्यात आले (१९७३). यंत्र महाग व दुर्मिळ असल्याने आज्ञावलीकारांनाच परदेशी ग्राहकाकडे पाठविणे सोयीचे ठरले. आज्ञावली उपग्रहमार्गे धाडणे शक्य झाल्यावर जकात आकारणाऱ्या खात्याची जुनी पद्धत अपुरी पडली, कारण बंदरात तपासण्याजोगी वस्तूच उरली नव्हती.

नोव्हेंबर १९८४ च्या धोरणाने आयातीवरील निर्बंध शिथिल केले. महासंगणकांबाबत अमेरिकेने घातलेल्या निर्बंधांना उत्तर म्हणून पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र स्थापन झाले (१९८८) व तेथे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ सिद्ध झाला (१९९१). आज्ञावली तंत्रविद्या उद्यानांच्या पहिल्या केंद्रांतही पुणे होते.

पुढील काळात यंत्रविद्येने कायद्याला मागे टाकले. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे सप्टेंबर २०१० मध्ये आधार क्रमांकांचे वाटप सुरू झाले; त्यासाठीचा अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला, आणि व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ मध्ये झाला.